तीन अलाइनमेंट झाल्या तरी गाडी उजवीकडेच? – काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलोही होतो पण जरा चिडून लिहिलं गेलं असतं म्हणून सकाळवर ढकललं. (काका म्हणतोय त्याचा राग नको, ३२ वर्षं स्टिअरिंग हातात आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे माझं शाळेत नाव घालायच्या आधीपासून.)

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं, मागच्या लेखात मी गाडी एका साईडला ओढण्यावर उगाच पाल्हाळ लावलं, गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) गेली, विषय संपला. त्यांच्या गाडीला पुढचे दोन नवे टायर टाकले तेव्हापासून ती उजवीकडे जाते, दोन महिन्यांत तीनदा अलाइनमेंट झाली, फरक शून्य. मी लेखात 'टायर बघा' म्हटलं, तर त्यांचे टायर कोरे करकरीत. शिवाय मी लोकांना हायवेवर स्टिअरिंग सोडून बघायला सांगतो, उद्या कोणी ठोकली तर जबाबदार कोण. आणि शेवटी मला 'घरबसल्या मेकॅनिक' ही पदवी.

पदवी मान्य. मी मेकॅनिक नाहीये, भोसरीत एका मशीन शॉपमध्ये आहे, दिवसभर मायक्रोमीटर नि डायल गेज घेऊन मशीनवरचा एखादा पार्ट एका बाजूला का जातोय ते शोधणं हीच नोकरी. त्याचा गाडीला थोडाफार उपयोग होतो एवढंच.

स्टिअरिंग सोडण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. 'हात सोडून बघा' हे मी सरळ लिहून मोकळा झालो होतो, तसं लिहायला नको होतं. कालच ते वाक्य बदललंय. हात सोडायची गरजच नसते, मोकळ्या सरळ रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला बोटं स्टिअरिंगभोवती नुसती सैल ठेवली तरी ते कुठल्या बोटाला दाबतंय ते लगेच कळतं. अजून एक चूक माझी मलाच सापडली, तुम्ही ती पकडली नाहीत. मी लिहिलं होतं की रस्त्याच्या उताराची शंका असेल तर उजव्या लेनला जाऊन बघा. साध्या दुपदरी रस्त्यावर हे चालतं, कारण रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. पण मधे डिव्हायडर असलेल्या हायवेला आपल्या बाजूचा अख्खा पट्टा बहुतेक वेळा डावीकडेच उतरता करतात, पाणी बाहेरच्या कडेला जावं म्हणून, त्यामुळे उजव्या लेनला गेलात तरी उतार डावीकडेच. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण २ ते २.५ टक्के. ऐकायला काहीच नाही वाटत, पण साडेतीन मीटरच्या एका लेनमध्ये एक कड दुसरीपेक्षा सात ते पावणेनऊ सेंटीमीटर खाली, विटेच्या जाडीएवढी. म्हणून आपल्याकडे धडधाकट गाडी पण जराशी डावीकडे सरकते आणि लोक बिचारे अलाइनमेंटवाल्याकडे रांग लावतात.

आता याच्यावरून तुमच्या गाडीचं बघा. रस्ता उतरतोय डावीकडे आणि तुमची गाडी जातेय उजवीकडे, म्हणजे चढाकडे! डावीकडे ओढणाऱ्या गाडीबद्दल वाद घालता येतो, उजवीकडे ओढणाऱ्या गाडीत खरंच काहीतरी आहे. तेव्हा 'तुमचा लेख वाचून लोक घाबरतात' वगैरे ठीक, पण तुमची तक्रार खरी आहे हे मी तुमच्यापेक्षा जास्त मानतोय.

पण काका, एक औषध तीनदा घेऊन ताप उतरला नाही तर चौथ्यांदा तेच घ्यायचं का? आणि तीनदा अलाइनमेंट करून गाडी तश्शीच राहिली, तर 'गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच' या तुमच्या नियमाच्या विरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा तुमचीच गाडी आहे की.

ते अलाइनमेंटचं मशीन काय करतं ते बघा. चाकांवर चार क्लॅम्प लावून गाडी उभी असताना चाकं किती अंशात वाकडी आहेत ते मोजतं. फक्त कोन. चाक फिरताना टायर कुठल्या बाजूला जोर लावतोय, ब्रेक घासतोय का, हे त्याला दिसतच नाही, दिसायचा प्रश्नच नाही. बरं, मोजले तरी आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे ॲडजस्ट करायला फक्त टो मिळतो, म्हणजे दोन्ही चाकं वरून बघितली तर समोर आत वळलीयेत का बाहेर तेवढं. कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक वरच्या बाजूला आत कललंय का बाहेर) आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं तो बाजूने बघितला तर किती मागे कललाय) कंपनीकडून फिक्स. आणि टो चुकला तर टायर लवकर झिजतो, स्टिअरिंग वाकडं दिसतं, पण दोन्ही पुढची चाकं चालताना तो फरक आपसात वाटून घेतात आणि गाडी बऱ्यापैकी सरळच जाते. (स्टिअरिंग वाकडं असणं आणि गाडी ओढणं हे दोन वेगळे आजार, लोक याचीच सगळ्यात जास्त गल्लत करतात.) म्हणजे तीनदा पैसे देऊन तुम्ही जी गोष्ट सेट करून घेतलीत ती ओढण्याचं कारण असण्याची शक्यताच मुळात कमी.

आता तुमचे कोरे टायर. 'नवा टायर म्हणजे त्याच्यात दोष नाही' इथेच तुमचं माझं जमत नाहीये. चहाच्या टपरीवर कटिंगचा ग्लास आडवा टेबलावर ठेवून ढकला, सरळ जाणार नाही, गोल फिरणार, कारण तोंड मोठं नि बूड लहान. रेडियल टायरमध्ये आतला स्टीलचा पट्टा बनवताना केसभर जरी एका बाजूला बसला तरी टायर त्या ग्लाससारखा वागतो, आपल्या डोळ्यांना काहीही दिसत नाही, बॅलन्सिंगला पण बसतो, पण रस्त्यावर सतत एका बाजूला रेटत राहतो. इंग्रजीत याला कोनिसिटी म्हणतात. नवा असो जुना असो, टायर जन्मतःच तसा असू शकतो आणि तुमची तक्रार नेमकी टायर टाकल्याच्या दिवसापासून सुरू झालीये हे तुम्हीच लिहिलंय!

तपासायला मशीन लागत नाही. आधी सकाळी गाडी थंड असताना चारही टायरची हवा बघा, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्याप्रमाणे, आणि पुढच्या दोन्हीत एक पीएसआयचा पण फरक नको, कारण गाडी कमी हवेच्या बाजूला जाते. मग पंक्चरवाल्याकडे जाऊन पुढची दोन चाकं रिमसकट एकमेकांत बदला, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. वीस मिनिटांचं काम. आणि त्याच रस्त्यावर, त्याच लेनला, त्याच स्पीडला परत चालवून बघा. गाडी आता डावीकडे जायला लागली तर टायरच, दुसरं काही नाही. नंतर एकेक चाक मागच्याशी बदलून दोघांतला कुठला ते पण कळतं, आणि मग टायरच्या दुकानदाराकडे वॉरंटीसाठी भांडायला तुमच्याकडे मुद्दा असतो, नाहीतर तो पण म्हणणार, काका अलाइनमेंट करून घ्या. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर मात्र डावं-उजवं करू नका, त्याच बाजूचं पुढचं-मागचं बदला. घरीच करणार असाल तर जॅक फक्त सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकाला दगड लावून, आणि गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही.

अदलाबदल करूनही उजवीकडेच जात असेल तर टायर निर्दोष सुटला आणि मी तुमची माफी मागून पुढे जातो. तेव्हा त्या तीन अलाइनमेंटच्या प्रिंटआउट शोधा, फेकल्या नसतील तर. मशीनने बरोबर-चूक दाखवायला दिलेलं हिरवं-लाल बघू नका, पुढच्या डाव्या-उजव्याचे कॅम्बर आणि कॅस्टर शेजारी ठेवून बघा. ज्या बाजूचा कॅस्टर कमी किंवा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह (चाक वर जास्त बाहेर कललेलं), गाडी त्या बाजूला जाते. दोन बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर संशय घ्यायचा. तिथे ०°३०' असं लिहिलेलं असतं ते अर्धा अंश, ३० म्हणजे कला, साठ कलांचा एक अंश, त्यामुळे ०°५०' आणि १°१०' यात फरक वीसच कलांचा आहे. खड्ड्यात उजवं चाक जोरात आपटलं असेल तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) मागे वाकतो आणि कॅस्टर नेमका असाच कमी होतो. टो कितीही फिरवा, ते जाणार नाही.

आता मी हे सगळं एवढ्या पोटतिडकीने का लिहितो ते सांगतो, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केलाय. माझी आधीची हॅचबॅक डावीकडे ओढायची. अलाइनमेंट केली, नाही गेलं. महिन्याने परत केली. मग स्वतःच ठरवून टाकलं की रस्त्याचा उतार आहे, आणि सोडून दिलं, डावीकडेच होतं ना! एकदा साताऱ्याला जाताना खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला चहाला थांबलो, दार उघडलं तर क्लच जळल्यासारखा वास. शेजारच्या पंक्चरवाल्या पोराने काही न विचारता बाटलीतलं पाणी बोटांनी डाव्या पुढच्या रिमवर शिंपडलं, चुर्र झालं. उजव्यावर शिंपडलं, ओघळून गेलं. गार होऊ दिलं, जॅक लावला, गिअर न्यूट्रल, आणि मला म्हणाला फिरवा. पाव गरका पण नाही हललं. उजवं उचललं तर ते एका हाताने आरामात फिरलं. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातल्या खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, पाणी जाऊन पीन गंजून जाम, त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला धरूनच. आतला पॅड झिजून पत्र्याला टेकलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. त्याने पीन ठोकून काढली, पॉलिश पेपर मारला, ग्रीस लावलं आणि तीनशे रुपये घेतले, तेही मागताना लाजत. (ते ग्रीस साधं होतं, साध्या ग्रीसने रबर फुगतं, म्हणून साताऱ्यात पॅड बदलताना ब्रेकचं वेगळं ग्रीस लावून घेतलं.) परत येताना गाडी बाणासारखी सरळ. दोन अलाइनमेंटचे पैसे गेले ते गेलेच, वर डिस्क पण चरे पडून खराब.

त्यामुळे तुम्ही पण एकदा दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवून या आणि उतरल्यावर हात रिमच्या जवळ न्या, लावू नका, भाजेल. उजवीकडचं जास्त गरम लागलं तर ब्रेक धरतोय, आणि धरणाऱ्या बाजूला गाडी जाते. उलट गाडी एरवी सरळ आणि फक्त ब्रेक मारला की उजवीकडे जात असेल तर बघायचा डावा ब्रेक, कारण तो काम करत नाहीये आणि उजवा एकटा थांबवतोय. हे उलटं-सुलटं भल्याभल्यांना चकवतं. तुम्ही ब्रेकचं काहीच लिहिलं नाहीत म्हणून मी धरून चाललोय की ब्रेक मारा न मारा, ओढतेच. फक्त जोरात एक्सलरेटर दाबल्यावर ओढत असेल तर तो वेगळा विषय, तो परत कधीतरी.

माझा अंदाज टायरचाच आहे, पण अंदाजच. अदलाबदल झाली की गाडी कुठे गेली तेवढं इथे लिहा, उजवीकडेच राहिली तर प्रिंटआउटमधले कॅस्टर-कॅम्बरचे आकडे पण टाका, बघू. आणि चाकं काढलीत म्हणजे नट ५० किलोमीटर झाल्यावर परत एकदा पान्याने आवळून घ्या, पंक्चरवाल्याने आवळले असले तरी.