एक झोपलेला सैनिक मिळेना

बास झालं. आज चौथं पाकीट फोडलं आणि परत तेच. पाकिटावर लिहिलंय ब्रिटिश इन्फंट्री, विश्रांती घेताना, आणि आत बघतो तर बारातले सात धावतायत, तीन गुडघ्यावर बसून नेम धरतायत, एक ग्रेनेड फेकतोय आणि उरलेला एक नुसता उभा आहे, तोही छाती फुगवून. ही विश्रांती? असली विश्रांती कोण घेतं रे? मला झोपलेला माणूस पायजे. बसल्या जागी मान टाकून, तोंड उघडं ठेवून, शेजारच्याच्या खांद्यावर लाळ गाळत झोपलेला माणूस. उभा केला तर चोवीस मिलिमीटर भरेल एवढा. बाकी काही नको मला.

जरा आधीपासून सांगतो, नाहीतर वाटेल एका खेळण्यातल्या सैनिकावरून हा एवढा का तापलाय.

माझा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा देखावा, जून १९४० चा आहे. इंग्लंड, केंट, साउदर्न रेल्वेची टनब्रिज ते अॅशफर्ड लाइन, हेडकॉर्नसारखं एक छोटं स्टेशन. "सारखं" म्हणतोय कारण हुबेहूब हेडकॉर्न म्हटलं की लगेच कोणीतरी चिमणीची उंची मोजायला येतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधे हरून डंकर्कला अडकलेलं सैन्य बोटींनी इंग्लंडला परत आणत होते ते दिवस, २६ मे ते ४ जून. ३,३८,२२६ माणसं उतरली, त्यात लाखाच्या वर फ्रेंच, आणि डोव्हर, फोकस्टन, रॅम्सगेट, मार्गेट असल्या बंदरांतून त्यांना पुढे पांगवायचं काम रेल्वेवर पडलं. छापील वेळापत्रक वगैरे काही नाही, फोनवर फोन, एक गाडी सुटली की मागे दुसरी. हेडकॉर्नला गाड्या खाण्यापिण्यासाठी थांबवायचे. कप पुरेनात म्हणून रिकाम्या टिनच्या डब्यांतून चहा द्यायचे आणि गाडी निघताना सैनिक ते डबे परत प्लॅटफॉर्मवर फेकून द्यायचे, मग ते धुऊन पुढच्या गाडीला. हे वाचलं तेव्हाच ठरवलं की मला हेच करायचंय, प्लॅटफॉर्मवर घरंगळणारे डबे, दमलेल्या बायका आणि खिडकीला डोकं टेकून मेल्यासारखे झोपलेले सैनिक.

डबे केले मी. तांब्याच्या वायरवरचं आवरण दोन दोन मिलिमीटरवर कापून, आतली वायर काढून, वरून चंदेरी रंग. झाले टिनचे डबे. शंभर केले, त्यातले साठेक कार्पेटमधे आहेत.

सैनिक मात्र मिळेना.

मिळेना म्हणजे कसं, तर बाजारात महायुद्ध म्हणजे १९४४. संपलं. सहा वर्षं चाललेलं युद्ध, १९३९ च्या सप्टेंबरपासून १९४५ पर्यंत, पण हे मॉडेलवाले सगळे नॉर्मंडीला, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या १९४४ च्या लँडिंगला, जायच्या रांगेत उभे. 'वॉरटाइम' लिहिलेला कुठलाही सेट उघडा, आत जीप. जीपचं उत्पादन सुरू झालं १९४१ ला. शर्मन रणगाडा, तो १९४२ चा. गाड्यांवर पांढरा चांदणीचा शिक्का, विमानांच्या पंखांखाली काळेपांढरे पट्टे, ते पट्टे तर जून १९४४ ला लँडिंगच्या तोंडावर मारले होते. च्युइंगगम चघळणारे अमेरिकन सोल्जर, जे ब्रिटनमधे आलेच १९४२ च्या जानेवारीपासून. आणि मग हे सगळं एकाच टेबलवर मांडून त्याला नाव काय, तर 'ब्रिटन १९४०'. अरे काय १९४०? त्या जीपवाल्याला विचारा तो भविष्यातून आलाय का.

ब्रिटिश सैनिक मिळाला तरी त्याच्या डोक्यावर १९४४ चं ते कासवासारखं हेल्मेट आणि हातात स्टेन गन. डंकर्कच्या वेळी स्टेन गन नव्हतीच, १९४१ ला आली. मला पसरट बशीसारखं हेल्मेट पायजे, आणि अर्ध्या जणांना तेही नको, ते पाण्यात गेलं. एकाला बूट नको, एकाच्या अंगावर नुसती चादर पायजे. पण हरलेलं, भिजलेलं, चार रात्री न झोपलेलं सैन्य कोण साच्यातून काढणार? विकलं जात नाही म्हणे. जिंकणारे विकले जातात.

इंजिनांचं तर बोलूच नका. 'वॉरटाइम लिव्हरी', म्हणजे युद्धकाळातली रंगसंगती, म्हणून जे काय येतं ते काळं. काळंकुट्ट. काळा रंग साउदर्नवर सर्रास आला तो नंतर, १९४० च्या जूनमधे बरीच इंजिनं अजून हिरवी होती, काही ऑलिव्ह, काही साउदर्नच्या मुख्य इंजिनिअरच्या, बुलेडच्या, नव्या मॅलाकाइट हिरव्यात. बुलेडचं क्यू-वन इंजिन घ्या, बिस्किटाच्या डब्यासारखं दिसणारं, मला मनापासून आवडतं, पण ते १९४२ चं. ऑस्टेरिटी २-८-०, मालगाडीचं इंजिन, म्हणजे युद्धाचा चेहराच, ९३५ बांधली, पण १९४३ पासून. अमेरिकेतून आलेली एस-१६० १९४२ च्या अखेरीला. म्हणजे ज्याला ज्याला म्हणून वॉरटाइम इंजिन म्हणतात ते माझ्या तारखेला कागदावर सुद्धा धड नव्हतं. मला साउदर्नचं साधं एन क्लास इंजिन पायजे होतं, ऑलिव्ह हिरव्यात, मळलेलं. ते मिळालं कशात, तर ब्रिटिश रेल्वेजच्या काळ्या रंगात, सिंहाच्या चिन्हासकट. ब्रिटिश रेल्वेज, ती नंतरची सरकारी रेल्वे, जन्मालाच आली १ जानेवारी १९४८ ला. तो सिंह घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या, मग प्रायमर, मग हिरवा, मग लायनिंगचे डिकल, म्हणजे रेघांचे चिकटवायचे छाप, जे टेंडरच्या कोपऱ्यावर आले की तुटतातच, दर वेळी तिथेच, जसं काय त्यांना पत्ता दिलाय.

आणि एवढं करून लोक बघायला आले की पहिला प्रश्न काय?

"मामा, रणगाडा कुठंय?"

भाच्याला माफ आहे, तो नऊ वर्षांचा आहे. पण हाच प्रश्न पन्नाशीची माणसं विचारतात. वॉरटाइम लेआउट आणि रणगाडा नाही? अहो नाही, कारण रणगाडे फ्रान्समधे टाकून आले ना ते! २,४७२ तोफा आणि साठ हजारांच्या वर गाड्या तिकडेच सोडून आले, म्हणूनच तर पुढचे काही महिने तिथे सगळ्यांचे धाबे दणाणलेले होते. रिकाम्या हातांनी परत आलेलं सैन्य आहे हे, त्यांच्या गाडीला मागे शर्मन जोडून कुठे नेऊ? हे सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "पण एखादा असता तर बरं दिसलं असतं." बरं दिसलं असतं! मी तिथून उठून पाणी प्यायला गेलो, नाहीतर शब्द गेला असता तोंडातून.

मग दुसरी जात, जाणकार. यांचा राग रणगाडावाल्यांपेक्षा जास्त येतो. माझ्या स्टेशनात एक गाडी साउदर्नची हिरवी उभी आहे, तिच्या मागे तेव्हाच्या बाकी तीन मोठ्या रेल्वे कंपन्यांचे डबे येतात, जीडब्ल्यूआरचे चॉकलेटी-क्रीम, मग एलएमएसचे गडद तांबडे, मग एलएनईआरचे वॉर्निश केलेल्या सागवानाचे. जाणकार बघतो, हसतो, म्हणतो केंटमधे सागवानी डबे? जे मिळालं ते चालवताय वाटतं. नाही हो साहेब, जे मिळालं ते नाही चालवत. त्या दिवसांत चारही कंपन्यांनी मिळून १८६ गाड्या या कामाला दिल्या होत्या, एलएनईआरच्या ४७, एलएमएसच्या ४४, जीडब्ल्यूआरच्या ४० आणि साउदर्नच्या स्वतःच्या ५५. केंटच्या रुळांवर तेव्हा चारही कंपन्यांचे रंग पळत होते, आणि अख्ख्या लेआउटमधे मी ज्या एका गोष्टीचा जास्तीत जास्त अभ्यास केला नेमकी तीच याला चूक वाटते. आणि खरी चूक जी आहे ती कोणाला दिसत नाही. ती मीच सांगतो. ती लाइन खऱ्यात जवळजवळ सरळ आहे, पट्टी लावल्यासारखी, आणि माझ्याकडे दोन्ही टोकांना सेकंड रेडियसची, म्हणजे तयार रुळांतल्या दुसऱ्या मापाची, वळणं आहेत, ४३८ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात तेहतीस मीटर. तेहतीस मीटरच्या वळणावर एक्स्प्रेसचं इंजिन रुळावर राहिलं तर चमत्कार. शिवाय दहा डब्यांची गाडी मला बसतच नाही, चार डबे धावतात. यावर बोला ना! यावर एक शब्द नाही, सागवानावर तासभर.

रुळांवरून आठवलं, ओओ स्केलमधे, म्हणजे माझ्या गाड्यांच्या मापात, तसेही रूळ अरुंद आहेत. फुटाला चार मिलिमीटर धरले तर गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १८.८३ मिलिमीटर यायला पायजे, आपण सगळे गपगुमान १६.५ वर चालवतो आणि वर सैनिकाच्या बटणांवर वाद घालतो. असो, तो विषय काढला तर झोप जाईल.

स्केलचं पण एक आहेच. रेल्वे १:७६ मधे, आणि मिलिटरी मॉडेलवाले बहुतेक १:७२ मधे. कोणी ठरवलं हे? सहा फुटी माणूस एकीकडे चोवीस मिलिमीटर, दुसरीकडे सव्वापंचवीसच्या वर. सव्वा मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं वाटतं, पण दोघांना शेजारी उभं करा, एक माणूस आणि एक त्याच्या डोक्यावरून बघणारा पैलवान. आणि ट्रक घेतला तर तो प्लॅटफॉर्मशेजारी असा दिसतो जसा काही गावात हत्ती आला. दुकानदार म्हणतो चालतं हो, कोण मोजतंय. मी मोजतोय! मी व्हर्नियर घेऊन बसलोय इथे!

पोस्टर बाकी राहिलं. स्टेशनच्या भिंतीला लावायला युद्धकाळातल्या पोस्टरांचा कागद घेतला, छोटी छोटी छापलेली, छान होती. त्यात मधोमध, इतर पोस्टरांच्या दुप्पट आकारात, लाल, 'कीप काम अँड कॅरी ऑन', म्हणजे शांत राहा आणि चालू ठेवा. झालं. ते पोस्टर १९३९ ला छापलं, जवळपास साडेचोवीस लाख प्रती, आणि लावलंच नाही म्हणायला हरकत नाही, वाईटातली वाईट वेळ येईल तेव्हासाठी म्हणून ठेवून दिलं आणि नंतर बहुतेक प्रतींचा लगदा केला. जगाला ते माहीत झालं २००० मधे इंग्लंडमधल्या अॅनिक गावाच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली तेव्हा. गंमत म्हणजे ते दुकान जुन्या रेल्वे स्टेशनातच आहे. म्हणजे हे पोस्टर रेल्वे स्टेशनात लावायला हरकत नाही, फक्त साठ वर्षं थांबून लावा. मी ते कापून फेकलं. तर पुढच्या वेळी आलेला पाहुणा काय म्हणतो, "सगळं मस्त आहे, पण ते फेमस पोस्टर नाही लावलं?"

आणि पाटी! शत्रू उतरला तर आपण कुठे आहोत हे त्याला कळू नये म्हणून १९४० च्या उन्हाळ्यात स्टेशनांच्या नावाच्या पाट्या काढल्या. मी एक माणूस शिडीवर चढवलाय, हातात पाना, पाटी एका बाजूनी सुटून लोंबकळतेय. तीन आठवडे गेले त्या शिडीत. आत्तापर्यंत पाच जणांनी सांगितलं की पाटी निसटलीय, जरा गोंद लावा. एकानी तर बोटानी सरळ करून दिली, मदत म्हणून. शिडीवाला खाली पडला तो अजून सापडलेला नाहीये. दिव्यांचं पण तेच, ब्लॅकआउट होता म्हणून प्लॅटफॉर्मच्या दिव्यांवर टोप्या बसवल्या, प्लॅटफॉर्मची कड पांढरी रंगवली, आणि लोक म्हणतात लाइट लावा ना, अंधारात काही दिसत नाही.

तर सैनिक. शेवटी काय केलं, डब्यात बसवायचे रंगीत प्रवासी घेतले, खाकी केले. त्यांचे पाय कापले कारण डब्याच्या सीटखाली जागाच नसते, हे सगळेच करतात, प्रत्येक मॉडेल गाडीत पाय नसलेले लोक प्रवास करत असतात, बाहेरून कळत नाही. मग मुंडी कापली. मान तिरकी करून परत चिकटवली. एका बाजूला वीस अंश, दुसऱ्याला चाळीस, काही छातीवर, दोघांची एकमेकांवर. सुपरग्लूनी माझं बोट एका लान्स कॉर्पोरलला चिकटलं, तो तसाच जेवायला सोबत होता. एकाची टोपी प्रवाशाची होती ती राहून गेली, म्हणजे खाकी कपड्यात बोलर हॅट, त्याला खिडकीपासून लांब बसवलाय.

एकेचाळीस झालेत. चार डबे भरायला अजून शंभर तरी लागतील. आज ते चौथं पाकीट फोडलं ते याच आशेवर की थोडं काम वाचेल, आणि निघाले धावणारे. आता त्या ग्रेनेडवाल्याचा हात कापतोय, गुडघे घासून बाकावर आडवा होतो का बघतो. छाती फुगवलेला जो आहे तो मात्र कशानीच झोपत नाहीये, तीनदा मान कापली त्याची.