खुलासा: जांभळी काच म्हणजे जुनी बाटली नव्हे

अमेरिकेत सापडणारी प्रत्येक जांभळी बाटली १९०० पूर्वीची, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. वाळूतल्या लोहामुळे येणारी हिरवट छटा घालवायला काचेत मँगेनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. जमिनीत गाडलेली मात्र तशीच राहते! शिवाय काही विक्रेते किरणोत्सर्गाचा मारा करून गडद रंग चढवतात. चांगल्या बाटल्यांची ही नासाडीच आहे.

वय ठरवायचं तर साच्याची जोडरेषा, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटलेली उभी रेघ, बघा. ती तोंडाच्या वरच्या कडेपर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्रावर घडलेली. बाटल्या घडवणारं अमेरिकेतल्या मायकेल ओवेन्स यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं; म्हणजे अशी बाटली बहुधा त्यानंतरची. ‘फेडरल लॉ फॉरबिड्स सेल’ (संघीय कायद्याने विक्रीस मनाई) अशी इंग्रजी उठावाची अक्षरं असतील, तर ती साधारण १९३५ ते १९६४ मधली दारूची बाटली.