जनुकं १९९४ साली उगवली का?

थंडी पडली, मॅरेथॉनचा हंगाम आला, की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. त्याचं सार असं: जागतिक क्रॉस कंट्री (रस्ता-ट्रॅक सोडून गवत, चिखल, चढउतारांवरून धावायची स्पर्धा) म्हणजे केनिया-इथिओपियाचं घरचं कार्य. पहिल्यापासून तेच जिंकतात, कारण ते त्यांच्या रक्तातच आहे आणि राहतातही उंचावर. बायकांना तर निम्मंच अंतर. बाकीचे देश जातात ते गर्दी करायला. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मीही एकदा त्यात भर घातली होती, म्हणून आता एकेक मुद्दा घेते.

'पहिल्यापासून' इथेच घोळ आहे. पहिली स्पर्धा १९७३ साली बेल्जियममधल्या वारेगेमला झाली. पुरुषांत फिनलंडचा पेक्का पैवारिन्ता जिंकला, महिलांत इटलीची पाओला पिन्यी. पुढे पोर्तुगालचा कार्लोस लोपेस, आयर्लंडचा जॉन ट्रेसी, अमेरिकेचा क्रेग व्हर्जिन. इथिओपियाचा संघ उतरला तो १९८१ला, माद्रिदमध्ये, आणि तिथे जे झालं ते मला फार आवडतं. इथिओपियाची पोरं सगळ्यांच्या पुढे होती. पण फेऱ्या मोजण्यात गफलत झाली. एक फेरी शिल्लक असताना त्यांनी शेवटची म्हणून जीव तोडून धाव घेतली. संपलं म्हणून थबकले, तर शर्यत चालूच! पुन्हा पळाले खरे, पण पायांतलं बळ खर्च झालं होतं. शेवटी व्हर्जिनने मोहम्मद केदीरला गाठून सुवर्ण नेलं. सांघिक सुवर्ण मात्र इथिओपियाचंच. पुढच्या वर्षी रोममध्ये केदीरने हिशोब चुकता केला. १९८६पासून केनियाच्या पुरुष संघाने सलग अठरा वर्षं विजेतेपद सोडलं नाही, हे खरंच आहे. ते कोण नाकारतंय? पण ते तेराव्या वर्षानंतरचं.

आता 'रक्तातच आहे'. हा मुद्दा मांडणाऱ्यांनी महिलांची यादी एकदा वाचावी. १९७३ ते १९९३, एकवीस स्पर्धा. वैयक्तिक सुवर्ण आफ्रिकी देशाच्या एकाही बाईकडे नाही. नॉर्वेच्या ग्रेटे वाइत्झने पाच वेळा जिंकलं, अमेरिकेच्या लिन जेनिंग्जने ओळीने तीनदा. झोला बड जन्माने दक्षिण आफ्रिकेची, पण १९८५ आणि ८६ला ती इंग्लंडकडून धावली. केनियाची हेलन चेपन्गेनो बुडापेस्टला पहिली आली ते साल १९९४. पुढच्या वर्षी डरहॅमला इथिओपियाची देरार्तू तुलू. रक्त असेल तर भावाचं आणि बहिणीचं एकच ना? मग भाऊ १९८२ला जिंकतो आणि बहीण बारा वर्षांनी, ती का? मधल्या काळात जनुकं बदलली नाहीत. मुलींना सराव करू देणं, संघात घेणं, परदेशी पाठवणं, लग्नानंतरही धावू देणं, हे हळूहळू बदललं. आपल्या गावातल्या कुठल्याही धावपटू पोरीला विचारा, ती यातलं निम्मं न सांगता समजेल.

उंचीचा फायदा होतो, मान्य. केनियातलं धावपटूंचं इतेन गाव साधारण २,४०० मीटरवर आहे, विरळ हवेत शरीर तांबड्या पेशी वाढवतं. पण मग आपलं लेह त्याहून हजारभर मीटर उंच आहे. तिथून किती जागतिक विजेते आले? आणि २००७ला स्पर्धा केनियातच, मोंबासात, अगदी समुद्रकाठी होती. त्या दमट उकाड्यात इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेला, आधीच्या विजेत्याला, शेवटच्या फेरीत शर्यत सोडावी लागली.

'बायकांना निम्मं अंतर' ही शिळी बातमी. सुरुवातीला महिला जेमतेम चार किलोमीटर धावायच्या. २०१५पर्यंत त्यांना आठ आणि पुरुषांना बारा होते. २०१७च्या, युगांडातल्या कंपालाच्या स्पर्धेपासून दोघांनाही दहा. त्या पहिल्याच समान शर्यतीत केनियाच्या महिला पहिल्या सहाही जागांवर आल्या. (निम्म्याचा हिशोब हवाच असेल तर आपली पोलीस भरती बघा: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००.)

राहिली 'गर्दी'. क्रॉस कंट्रीत संघाचे गुण म्हणजे धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज. सहा धावतात, पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात, बेरीज कमी तो संघ वर. म्हणजे चाळिसाव्या जागेसाठी चिखलात धडपडणारा हा देशाचा चौथा असू शकतो आणि त्याने एकाला मागे टाकलं की देशाचा एक गुण वाचतो. टीव्हीवर हे दिसत नाही. कॅमेरा पुढच्या तिघांवरच असतो.

त्याच कंपालात यजमान युगांडाचा जोशुआ चेप्तेगेई शेवटच्या फेरीत भलताच पुढे होता. घरचे लोक ओरडत होते. आणि अचानक त्याचे पाय गेले. झोकांड्या खात, एकेक जण पुढे जाताना बघत तो तिसावा आला, पण बाहेर पडला नाही. दोन वर्षांनी डेन्मार्कमधल्या आर्हुसला वाट चक्क एका संग्रहालयाच्या गवताळलेल्या, उतरत्या छतावरून जात होती. दर फेरीला तो चढ. तिथे चेप्तेगेई पहिला आला आणि पुरुषांचं सांघिक सुवर्ण पहिल्यांदाच युगांडाकडे गेलं. फॉरवर्डमध्ये युगांडाचं नाव कुठेच नाही.