धाकशास्त्रात डॉक्टरेट हवी आहे?

मग आधी एक करा, ज्या विषयात निकाल लागतो त्या विषयाच्या वाटेला जाऊ नका. औषधावर संशोधन केलंत तर रोगी बरा झाला का, असं लोक विचारतात. लष्करी धाकावर, म्हणजे शत्रूला घाबरवून हल्ल्यापासून रोखण्यावर, करा. शत्रूने हल्ला केला नाही, तर धाक यशस्वी. केला, तर धाक कमी पडला. दोन्ही वेळा शिफारस एकच: शस्त्रं वाढवा.

पुराव्याची चिंता नको. ‘मी हल्ला करणार होतो, पण घाबरलो’ असं लिहून देणारा सेनापती सहसा सापडत नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं खोडणाराही सापडत नाही. तरी तक्ते हवेतच. मिशिगन विद्यापीठात १९६३ पासून युद्धांची मोजदाद सुरू झाली. लढाईत किमान १००० माणसं मेली तर ते युद्ध. त्याहून कमी मेली, तर मेलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

१९८४ मध्ये पॉल हथ आणि ब्रूस रसेट या अभ्यासकांनी १९०० ते १९८० या काळातली धाकाची ५४ प्रकरणं तपासली. १९९० मध्ये लेबो आणि स्टाइन या जोडीने तीच उघडली आणि यातली बहुतेक मुळात धाकाची नाहीतच, असं जाहीर केलं. घाबरू नका. अशा भांडणावर प्रबंधांच्या दोन पिढ्या सुखाने जगतात.

अडचणीची उदाहरणं मात्र येतील. ब्रिटनकडे अण्वस्त्रं असताना १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली. भारत-पाकिस्तानने १९९८ मध्ये अणुचाचण्या केल्या आणि १९९९ मध्ये कारगिल झालं. इथे ग्लेन स्नायडर यांचा स्थैर्य-अस्थैर्य विरोधाभास काढायचा: वर अण्वस्त्रांचा धाक इतका पक्का, की खाली छोटं युद्ध बिनधास्त लढता येतं. म्हणजे कारगिलही धाकाच्याच खात्यात जमा! (ही युक्ती खरोखर चालते, आणि काही अंशी खरीही आहे, तेच तर वाईट.)

स्तानिस्लाव पेत्रोव यांना शक्यतो टाळा. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं येत असल्याचा इशारा दिला आणि या अधिकाऱ्याने तो खोटा ठरवला. यंत्रावर अविश्वास दाखवणारा माणूस कुठल्याच सूत्रात बसत नाही. फार तर तळटीप द्या.

तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच, की अण्वस्त्रांचा धाक पुरता फसला हे कधी मान्य कराल, तर नम्रपणे सांगा: ‘सर, त्या दिवशी आपण दोघंही नसू.’