‘रँक बघा आणि डोळे झाकून भरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की दोन-चार दिवसांत एक मेसेज फिरायला लागतो. आमच्या घरच्या ग्रुपवर तो धाकट्या दिरांनी टाकला. पुतणी तेव्हा कॅपचा, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशफेऱ्यांचा, ऑप्शन फॉर्म भरायला बसली होती : कोणती कॉलेजं कुठल्या क्रमाने हवीत ते. मथळा होता, “रँक बघा आणि डोळे झाकून भरा.” रँक म्हणजे कॉलेजची. खाली सहा मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिकली आणि शेवटी “दहा पालकांना पाठवा”. त्याखाली भाऊजींची एक ओळ : “वहिनी, तुम्ही कॉलेजात होतात. बरोबर आहे ना हे?”

मी अकरा वर्षं एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवलं. शेवटची तीन वर्षं शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यात आणि तिची प्रूफं जोडण्यात जास्त गेली. रँक कशातून तयार होते ते त्या टेबलावर बसून पाहिलंय, त्यामुळे ग्रुपवर नुसता अंगठा टाकून गप्प बसवेना.

“एनआयआरएफ सरकारी आहे, म्हणजे सगळं तपासलेलं असतं.”

एनआयआरएफ म्हणजे देशातल्या कॉलेजांची क्रमवारी. ती सरकारी आहे हे खरं. केंद्राने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ही चौकट जाहीर केली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये पहिली यादी आली. पण विद्यार्थी किती, शिक्षक किती, प्रयोगशाळांवर खर्च किती, नोकरी किती जणांना लागली, हे सगळं कॉलेजच पोर्टलवर भरतं. शोधनिबंधांची मोजणी तेवढी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या बाहेरच्या साठ्यांतून होते. एखादा आकडा फारच वेगळा दिसला तर खुलासा मागवतात. पण हजारो कॉलेजांत जाऊन वर्गात कोण शिकवतंय हे दरवर्षी कोण मोजणार?

आमच्याकडे एका वर्षी शिक्षकांची यादी भरताना वरून निरोप आला होता : नोकरी सोडून गेलेल्या तिघांची नावं “आत्ताच काढू नका”. मी काढली. पुढे त्यावरून बरंच ऐकून घेतलं, ते असो. सगळीच कॉलेजं असं करतात असं मी म्हणत नाही. भरणारा प्रामाणिक असेल तितकाच आकडा प्रामाणिक, एवढंच.

याच मुद्द्यात मेसेजने “नॅकची ए प्लस प्लस आणि एनआयआरएफ” असं एका दमात म्हटलंय. नॅक म्हणजे मूल्यांकन. ते श्रेणी देतं, क्रमांक देत नाही, आणि तीही संपूर्ण संस्थेला. तुमच्या ब्रँचची तपासणी एनबीए ही वेगळी संस्था करते. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षासह काही सदस्यांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली होती, हेही पालकांना माहीत असलेलं बरं.

“रँक वर म्हणजे प्लेसमेंट वर.”

आपण बहुतेक सगळे रँक बघतो ते याच समजुतीने, म्हणून इथे जरा थांबते.

इंजिनीअरिंगच्या यादीत शंभर गुण असे वाटलेले असतात : शिकवणं आणि साधनं ३०, संशोधन ३०, पदवीनंतरचं फलित २०, सर्वसमावेशकता १०, लोकांच्या मनातली प्रतिमा १०. तुमची प्लेसमेंट त्या २० मध्ये आहे. पण त्या २० चेही तुकडे आहेत. नोकरी लागलेले आणि पुढे शिकायला गेलेले मिळून ४० टक्के, पगारांच्या चढत्या रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार २५ टक्के, किती मुलं वेळेत पास झाली ते १५ आणि किती पीएचडी दिल्या ते २०. आता गुणाकार करा. नोकरी आणि उच्च शिक्षण मिळून शंभरातले ८ गुण आणि पगाराचे ५. एकूण १३.

उरलेल्या ८७ मध्ये संशोधनाचा वाटा सगळ्यात ठळक. ते चुकीचं नाही. देशाला कुठे संशोधन होतंय हे कळायला हवंच. पण बी.टेक.ला जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीने तो आकडा स्वतःच्या पॅकेजचा अंदाज म्हणून वाचला तर चूक यादीची नाही. शिवाय निबंध मोजायला लागलं की निबंध पाडणारेही तयार होतात. मागे घ्याव्या लागलेल्या निबंधांसाठी २०२५ च्या यादीपासून गुण कापायला सुरुवात झाली, ती उगाच नाही.

यावरून महाराष्ट्रातलं एक कोडंही सुटतं. पुण्याच्या सीओईपी कॉलेजची स्थापना १८५४ ची, मुंबईच्या व्हीजेटीआयची १८८७ ची. दोन्हीकडची खुल्या गटातली कॉम्प्युटरची जागा आजही ९९ पर्सेंटाइलच्या वरच बंद होते. तरी अलीकडच्या एनआयआरएफ याद्यांत सीओईपी पहिल्या पन्नासातही दिसत नाही. मग काय, राज्यातली सगळ्यात हुशार मुलं दरवर्षी फसतात? तसं नाही. सर्वसमावेशकतेत इतर राज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या मुलांना गुण आहेत, आणि सरकारी कॉलेजातल्या बहुतेक जागा महाराष्ट्राच्याच मुलांसाठी असतात. प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली की शिक्षक-विद्यार्थी प्रमाणातले गुण जातात. पीएचडीचे विद्यार्थी आणि निबंध यांत मोठी अभिमत विद्यापीठं पुढे सरकतात. यातली रिकाम्या पदांची गोष्ट मुलांना खरंच भोवते, तिच्याबद्दल ओरडायलाच हवं. पण अमुक कॉलेजात तामिळनाडूची मुलं किती, याने माझ्या पुतणीच्या नोकरीला काय फरक पडतो?

“पहिल्या शंभरात नसेल तर फॉर्ममध्ये टाकूच नका.”

पुण्याचं पीआयसीटी घ्या. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स या वर्तुळातलं कॉलेज, संशोधनासाठी कोणी नाव घेत नाही, पहिल्या शंभरात नसतं. हिंजवडीत कोणत्याही मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये उभं राहून विचारा, तिथली मुलं किती भेटतात.

यादीत नाव नसण्याला कारणंही तऱ्हेतऱ्हेची असतात. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबई आणि दिल्लीसह सात जुन्या आयआयटींनी टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक यादीतून अंग काढून घेतलं. मोजणी पारदर्शक वाटत नाही, हे कारण दिलं. त्यानंतरच्या यादीत पवईचं, म्हणजे मुंबई आयआयटीचं, नावच नव्हतं. मेसेजच्या न्यायाने पवईही फॉर्ममध्ये टाकायला नको.

आणि शंभर ही रेघ तरी काय आहे? त्यापुढे एनआयआरएफ नेमका क्रमांक न देता १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गट करते. सलग दोन क्रमांकांमधलं अंतर अनेकदा शंभरात अर्ध्या गुणाचंही नसतं. दहावीत अर्ध्या गुणाने मागे राहिलेल्या मुलाला आपण ढ म्हणतो का?

“गेल्या वर्षीपेक्षा रँक घसरली म्हणजे कॉलेज घसरलं.”

२०२३ च्या जूनमध्ये क्यूएस या संस्थेची विद्यापीठांची नवी जागतिक यादी आली. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १५५ वरून थेट २२५ वर गेली आणि मुंबई आयआयटी १७२ वरून १४९ वर आली. एका वर्षात बंगळुरूची झाडं वाळली आणि पवईला पालवी फुटली असं काही झालं नव्हतं. क्यूएसने मोजपट्टी बदलली होती. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचं वजन २० वरून १० केलं, नोकरी देणाऱ्यांच्या मताचं १० वरून १५ केलं, प्राध्यापकांच्या मताचं ४० वरून ३० वर आणलं आणि शाश्वतता वगैरे तीन नवे रकाने घातले. संस्था होत्या तिथेच होत्या.

त्यातही आपण वाचतो ती यादी शिळी असते. एनआयआरएफची २०२४ ची यादी ऑगस्टमध्ये लागली, २०२५ ची सप्टेंबरमध्ये. कॅपच्या फेऱ्या तोवर सुरू झालेल्या असतात, म्हणजे मुलं आदल्या वर्षीची यादी हातात घेऊन बसतात. २०२४ च्या यादीत प्लेसमेंटचे जे सगळ्यात ताजे आकडे आहेत ते २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांचे.

“ब्रँच दुय्यम, आधी रँक.”

नाही. एनआयआरएफला दिलेली नोकरीची आणि पगाराची माहिती चार वर्षांच्या सगळ्या पदवी अभ्यासक्रमांची एकत्र असते. कॉम्प्युटर, सिव्हिल, मेकॅनिकल सगळं एका रकान्यात. सिव्हिलवाल्याने तो पगाराचा आकडा बघून हुरळून जाऊ नये आणि कॉम्प्युटरवालीने बघून खट्टू होऊ नये. माटुंग्याच्या आयसीटीचं, म्हणजे जुन्या यूडीसीटीचं, सगळं घर रसायनाचं. त्याला दहा-बारा ब्रँचेसच्या कॉलेजांबरोबर एकाच रांगेत उभं करून आलेल्या क्रमांकाचा केमिकलला जाणाऱ्या मुलाला काय उपयोग?

“परदेशात तर रँकशिवाय कोणी विचारत नाही.”

हा मुद्दा निम्मा खरा आहे आणि तो मी सरळ मान्य करते. ब्रिटनने २०२२ मध्ये हुशार पदवीधरांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. त्यासाठी तुमचं विद्यापीठ तीनपैकी किमान दोन जागतिक याद्यांत पहिल्या पन्नासात असावं, अशी सुरुवातीची अट होती. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीलाही क्यूएसच्या क्रमवारीची मर्यादा आहे. ज्या घरात ही शिष्यवृत्ती मिळाली तरच मूल विमानात बसणार आहे, तिथे रँक पाहायलाच हवी. त्यांना कोणी “रँकला काही अर्थ नाही” असं शहाणपण शिकवू नये.

पण हा अर्थ सरकारी नियमाने दिलेला आहे. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले. अमेरिकेतली यूएस न्यूजची प्रसिद्ध यादी त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९८३ मध्ये निघाली. त्याच यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं, तेव्हा तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या विद्यापीठाचे आकडे तपासले. वीसपेक्षा कमी मुलांचे वर्ग ८२.५ टक्के आहेत असं विद्यापीठ सांगत होतं. त्यांच्या हिशेबाने ते ६३ ते ६७ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी येत होते. विद्यापीठाने पुढे चूक कबूल केली आणि सप्टेंबरमध्ये कोलंबिया १८ व्या क्रमांकावर आलं. बाबासाहेब जिथे शिकले त्या विद्यापीठाची किंमत सात महिन्यांत सोळा पायऱ्यांनी उतरली असं म्हणायचं का? फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात तर बिझनेस स्कूलच्या माजी डीनला एमबीएच्या रँकसाठी खोटे आकडे दिल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली.

जर्मनीला जाणाऱ्यांचं आणखी निराळं. तिथली सीएचईची क्रमवारी एक-दोन-तीन असे क्रमांक देतच नाही. ती विषयवार बघते आणि विद्यापीठांचे वरचा, मधला, खालचा असे गट पाडते. आपल्याकडे हे का करत नाहीत? कारण “वरच्या गटात” असं होर्डिंगवर लिहून मजा येत नाही.

होर्डिंगचं निघालंच आहे तर : एनआयआरएफच्या वेगवेगळ्या विभागांच्या पंधराहून जास्त याद्या असतात. एकाच संस्थेचा क्रमांक एका यादीत विसावा आणि दुसरीत सत्तरावा असू शकतो. होर्डिंगवर कुठला येईल ते सांगायला नको. आणि अशा होर्डिंगवाल्या अभिमत विद्यापीठांचे प्रवेश कॅपमधून होत नाहीत, त्यामुळे राज्याची फीची सवलत तिथे धरून चालू नका.

भाऊजींना हे सगळं एकदम पाठवलं नाही. पाठवली ती फक्त एका कॉलेजची पीडीएफ. रँक मिळालेल्या प्रत्येक संस्थेने भरलेली माहिती एनआयआरएफच्या साइटवर उघडी असते आणि कॉलेजांनाही ती आपल्या साइटवर ठेवावी लागते. क्रमांकापेक्षा ती कितीतरी जास्त बोलते. प्रवेश घेतलेल्यांपैकी वेळेत पास किती झाले ते आधी बघायचं. मग नोकरी किती जणांना लागली. मधला पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो : सहाशेतल्या अडीचशेंनाच नोकरी लागली असेल, तर तो त्या अडीचशेंमधल्या मधल्या मुलाचा पगार, उरलेले साडेतीनशे त्यात कुठेच नाहीत. शेवटी शिक्षकांची यादी, त्यात रुजू झाल्याची आणि सोडून गेल्याची तारीख. अर्ध्या शिक्षकांच्या रुजू तारखा माहिती भरायच्या आधीच्या दोन महिन्यांत येत असतील तर तिथे थांबायचं आणि विचार करायचा.

रात्री साडेअकराला भाऊजींचा फोन आला. “वहिनी, यात एकाच महिन्यात बावीस जण रुजू झालेत.” पुतणीने ते कॉलेज चौथ्या क्रमांकावरून सतराव्यावर नेलं होतं. काढून का टाकलं नाही विचारलं तर म्हणाली, “काकू, घरापासून चालत जाता येतं.”