आधी आपण पालथं पडायचं

बाळ सहा महिन्यांचं झालं की घरात पाऊल टाकणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी विचारतो, "काय, रांगतो का?" नाही म्हटलं की त्याच्या नात्यातलं एक बाळ निघतंच, जे पाचव्या महिन्यात रांगत थेट स्वयंपाकघरात गेलं होतं. त्या बाळाचं पुढे काय झालं हे मात्र कोणी सांगत नाही. अशा वेळी आकडे तोंडपाठ असलेले बरे, असं माझं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत हात-गुडघ्यांवर रांगायला लागण्याचा काळ सव्वापाच महिन्यांपासून साडेतेरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे, आणि शंभरातली चारेक मुलं तर अशी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ साली बाळाच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. पाहुण्यांना हे सांगून उपयोग नसतो म्हणा. "अमेरिकेत काय, काहीही चालतं," असं म्हणून ते दुसरं बिस्किट घेतात.

रांगण्याची तयारी खरं तर पहिल्या महिन्यापासूनच, बाळाला पालथं घालून सुरू होते. जागं असताना, कोणीतरी समोर असताना, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पुढे वाढवत वाढवत दिवसभराचा मिळून अर्धा तास. दूध पाजल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, नाहीतर पाजलेलं सगळं गोधडीवर परत मिळतं. झोपवायचं मात्र पाठीवरच.

पालथं घातलं की बाळ नाक जमिनीला टेकवून भोकाड पसरतं. तेवढ्यात आतून आवाज येतो, "अगं, उचल गं त्याला, किती छळशील!" अशा वेळी एक टॉवेल घट्ट गुंडाळायचा, बाळाच्या काखांखाली छातीशी सरकवायचा आणि दोन्ही कोपरं खांद्यांच्या थोडी पुढे आणून ठेवायची. कोपरं मागे राहिली तर मान वर येतच नाही. मग आपणही बाळासमोर पालथं पडायचं, नाकासमोर नाक. दोन मिनिटांत आपली मान दुखायला लागते आणि बाळ का ओरडतंय ते आपोआप कळतं.

जमिनीचा विचार कोणी करत नाही. जाड गादीवर कोपरं रुततात, गुळगुळीत फरशीवर गुडघे घसरतात, सतरंजी तर बाळासकट निघते. पातळ गोधडी, कडा दिवाणाखाली खोचून, ही सगळ्यांत बरी. पायमोजे काढायचे, पायजमा गुडघ्यांच्या वर. उघड्या कातडीची पकड कशालाच येत नाही. आणि तेलमालिश झाल्याबरोबर सरावाला घ्यायचं नाही. तेल लावलेलं बाळ फरशीवर ठेवलं की हात एकीकडे, पाय दुसरीकडे.

आता आमिष. खेळणं बाळाच्या पसरलेल्या हातापासून वीतभर पुढे ठेवायचं. त्याहून जवळ ठेवलं तर ते उचलून चाटत बसतं, फार लांब ठेवलं तर नाद सोडून देतं. बाजूला ठेवलं तर पोटावरच गोल फिरतं, तोही उत्तम सराव. महागडा, दिवे लागणारा हत्ती आणला तरी बाळाला हवी असते स्टीलची वाटी, चार्जरची वायर किंवा कोणाची तरी चप्पल. वाटी द्या. बाकी दोन्ही वर ठेवा.

वाटीकडे बघत बाळ सगळा जोर लावतं आणि मागे जातं. यात काही बिघडलेलं नाही. हातांत जोर आधी येतो, पाय अजून शोभेचेच असतात, त्यामुळे हातांनी रेटलं की गाडी उलटी चालते. हवी ती वस्तू लांब लांब जाताना पाहत, संतापाने किंचाळत बाळ पायांकडून दिवाणाखाली शिरतं. उपाय सोपा आहे: आपले तळहात त्याच्या तळपायांना घट्ट टेकवून धरायचे. ढकलायचं नाही, रेटा त्यानेच द्यायचा.

चार पायांवर आणायला ओढणी कामाला येते. ती छाती-पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं वर धरायची आणि तळवे-गुडघे टेकलेले राहतील इतपतच भार उचलायचा. तळवे खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. जास्त उचललं की बाळ हवेत पोहायला लागतं. मग कधीतरी ते आपलं आपण चारांवर येतं आणि जागच्या जागी पुढे-मागे झुलत राहतं. "इंजिन चालू आहे, गिअर पडत नाहीये," आजोबांचं निदान.

गिअर पडण्यासाठी काय लागतं ते पाहायचं तर देवघरातला बाळकृष्ण बघा. एक हात आणि एक गुडघा टेकलेला, दुसरा पाय मुडपलेला आणि मोकळ्या हातात लोण्याचा गोळा. भार तिघांवर टाकून चौथा मोकळा करणं, इथेच सगळं अडलेलं असतं. म्हणून वाटी जमिनीवर न ठेवता बाळाच्या डोळ्यांसमोर जरा वर धरायची, एकदा उजव्या बाजूला, एकदा डाव्या. हात उचलायला जमला की उजवा हात आणि डावा गुडघा अशी जोडी जुळू लागते.

काही बाळं पोटावरच सरपटतात, काही बसल्या बसल्या ढुंगणावर सरकतात. चालेल. एकाच बाजूचे हात-पाय वापरत असेल, दुसरी बाजू ओढत असेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटत असेल, किंवा आधी येत असलेलं विसरलं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञ गाठायचे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचं, हेही पाहुण्यांच्या गावी नसतं. आणि चाकांचा वॉकर कोणी भेट दिला तर हसून घ्यायचा आणि माळ्यावर टाकायचा. त्यात बाळ बोटांवर ढकलत फिरतं, रांगण्याचा सराव राहतो बाजूला, आणि जिना दिसला की थांबायला ब्रेक नसतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

बाळ रांगायच्या आत आपण स्वतः चार पायांवर घरभर फिरून यायचं, शेजारी हसले तरी. त्या उंचीवरून दिसतात विळी, कचऱ्याचा डबा, खाली ठेवलेला चहा, गॅसची नळी, भोकं उघडी टाकलेला सॉकेट, मोरीतली भरलेली बादली. बादली कायम रिकामी आणि पालथी, कारण तळाशी राहिलेलं थोडंसं पाणीही बाळाला पुरतं. रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा झाकण स्क्रूचं नसेल तर त्यावर चिकटपट्टी मारा आणि रिमोट टीव्हीच्या वर ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी दवाखाना.

हे सगळं उचलून कमरेच्या उंचीवर नेलं की घराला आवरल्याची कळा येते. ती फार टिकत नाही, कारण लवकरच बाळ दिवाणाची कड धरून उभं राहायला लागतं.