‘पहिल्याच हंगामात चमकला नाही, म्हणजे फसला’ हे साफ चूक आहे

आइस हॉकीच्या हंगामात डिसेंबर उजाडला की एक मजकूर फिरायला लागतो. नाव बदलतं, मजकूर तोच राहतो. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमानं निवडून घेतात त्यात, अगदी वर निवडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा सेंटर (मधला आक्रमक) गोल करत नसतो, त्याचा संघ हरत असतो, आणि कुणीतरी लिहितं की खरा हिरा पहिल्याच हंगामात चमकतो. क्रॉस्बी चमकला, मॅकडेव्हिड चमकला, मॅथ्यूज चमकला. हा चमकला नाही, म्हणजे हा ‘बस्ट’, फसलेला. पुढे पुरवणी जोडलेली असते: अंगानं किरकोळ आहे, दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा घ्यायला हवा होता, याला खालच्या लीगमध्ये पाठवा, आणि याच्यावर पैसे ओतू नका.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्ही मराठी हॉकीवेड्यांनी हे सगळं २०१९-२० मध्ये जॅक ह्यूजबद्दल ऐकलं. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये आमच्या न्यू जर्सी डेव्हिल्स संघानं पहिल्या क्रमांकावर घेतलेला हा सेंटर. तेव्हा त्याला उत्तर देणं अवघड होतं, कारण हातात आशेखेरीज काही नव्हतं. आता आकडे आहेत. म्हणून हा दावा एकदा नीट सोलून काढायचा आहे. नाहीतर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या एखाद्या पोराच्या माथी मारला जाईल.

ज्यांना हॉकी म्हटलं की ॲस्ट्रोटर्फ आठवतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बर्फावरच्या या खेळात गोलरक्षक सोडून पाच जण असतात: दोन बचावपटू, दोन विंगर आणि मधोमध सेंटर. फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक मिळवण्याची झुंज) सेंटरनं घ्यायचा, पक (रबराची चकती) मधल्या पट्ट्यातून वर न्यायचा, आणि प्रतिस्पर्धी चालून आले की स्वतःच्या गोलपर्यंत मागे येऊन बचावपटूंना हात द्यायचा. विंगरला चूक झाकायला जागा असते, सेंटरला नसते. समोरच्या संघाचे तिशीतले, शंभर किलोंचे गडी त्याच्याच अंगावर येतात. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलासाठी मैदानावरची ही सगळ्यात कठीण जागा आहे.

‘खरा हिरा लगेच चमकतो’

यादीतली नावं खोटी नाहीत. सिडनी क्रॉस्बीनं २००५-०६ मध्ये, अठराव्या वर्षी, तळाला गेलेल्या पिट्सबर्गकडून ८१ सामन्यांत १०२ गुण केले. (हॉकीत गोल आणि गोलला दिलेला पास, म्हणजे असिस्ट, दोन्हींचा एकेक गुण धरतात.) मॅकडेव्हिडनं गळपट्टीचं हाड मोडूनही ४५ सामन्यांत ४८ गुण केले. पण या दोघांवरून नियम काढणं म्हणजे अपवादालाच मोजपट्टी करणं आहे.

ऑस्टन मॅथ्यूजचं उदाहरण तर या यादीत बसतच नाही. त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. ड्राफ्टसाठी वयाची सीमा १५ सप्टेंबर. दोन दिवसांच्या फरकानं त्याचा आदल्या वर्षाचा ड्राफ्ट हुकला आणि ते वर्ष त्यानं स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या संघातून, मोठ्या माणसांविरुद्ध खेळून काढलं. टोरांटोकडून पहिल्याच सामन्यात त्यानं चार गोल केले तेव्हा तो एकोणीस पूर्ण झालेला, वर्षभर व्यावसायिक हॉकी पचवलेला खेळाडू होता. ह्यूज आला तो थेट अमेरिकेच्या अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय विकास संघातून. तिथं त्यानं २२८ गुणांचा विक्रम केला होता हे खरं, पण कॉलेजचा किंवा व्यावसायिक हंगाम त्यानं एकही खेळला नव्हता. या दोघांचे पहिले हंगाम शेजारी मांडले की दिसतात सारखे, प्रत्यक्षात त्यात एका आख्ख्या वर्षाची तफावत असते.

आता यादीत कधीच नसलेली नावं घेऊ. जो थॉर्नटन, १९९७ चा पहिला क्रमांक. बॉस्टनकडून पहिल्या हंगामात ५५ सामने, ३ गोल, ४ असिस्ट. एकूण सात गुण. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर १,५३९ गुण होते. त्याच्या उलट अलेक्झांडर डेग, १९९३ चा पहिला क्रमांक, तोही सेंटर. ओटावाकडून पहिल्या हंगामात ५१ गुण. हा दावा खरा असता तर डेग हिरा ठरला असता आणि थॉर्नटन दगड. हॉकीत आज ‘बस्ट’चं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतात तो डेगच आहे.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते लिओन ड्रायसायटलचं उदाहरण. २०१४ मध्ये एडमंटननं त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात ३७ सामन्यांत ९ गुण झाले आणि जानेवारीत त्याला परत तरुण मुलांच्या ज्युनिअर लीगमध्ये धाडलं. ह्यूजला ‘बस्ट’ म्हटलं जात होतं त्याच २०१९-२० च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण कोणाचे होते? ड्रायसायटलचे, ७१ सामन्यांत ११०. सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफीही त्यालाच मिळाली. म्हणजे पहिल्या हंगामावरून माणूस ओळखता येत नाही, याचा पुरावा त्या वर्षी गुणतक्त्यात सगळ्यात वर लिहिलेला होता.

‘६१ सामन्यांत २१ गुण, आणखी काय बघायचं?’

आकडा बरोबर आहे: ७ गोल, १४ असिस्ट. हंगाम निराशाजनक होता, तो झाकायचं काही कारण नाही. पण हा आकडा कुठल्या घरात तयार झाला ते बघा.

त्या उन्हाळ्यात डेव्हिल्सनं पी. के. सुबान, वेन सिमंड्स, निकिता गुसेव्ह यांना आणलं होतं आणि सगळ्यांना प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची) स्वप्नं पडत होती. पहिल्या सामन्यात विनिपेगविरुद्ध ४-० अशी आघाडी घेऊन संघ शूटआउटमध्ये हरला. पहिले सहाही सामने हातचे गेले. ३ डिसेंबरला प्रशिक्षक जॉन हाइन्सना काढलं. १६ डिसेंबरला संघाचा सर्वोत्तम आक्रमक टेलर हॉल ॲरिझोनाला देऊन टाकला. १२ जानेवारीला ज्यांनी ह्यूजला निवडलं ते जनरल मॅनेजर रे शीरोही गेले. सहा आठवड्यांच्या आत प्रशिक्षक, मुख्य खेळाडू आणि कारभारी तिघंही बदलले. अठरा वर्षांच्या मुलानं कोणाकडून शिकायचं होतं?

तुलना करायची तर याच संघातली करू. २०१७ चा पहिला क्रमांकही डेव्हिल्सकडेच आला होता: निको हिशियर, तोही सेंटर. पहिल्या हंगामात त्याचे ५२ गुण झाले आणि त्याला कुणी ‘बस्ट’ म्हटलं नाही. हिशियर गुणी आहेच. पण त्या हंगामात त्याच्या बाजूला विंगवर बहुतेक वेळ हॉल होता, ९३ गुण करून हार्ट ट्रॉफी जिंकणारा हॉल. ह्यूजच्या वाट्याला आला तो घर आवरायला निघालेला संघ.

दुसरं, गोल किती झाले यासोबत ते कसे हुकले हेही बघावं लागतं. ह्यूजचे शॉट गोलमध्ये जाण्याचं प्रमाण त्या वर्षी सहा टक्क्यांच्या आत होतं. पुढे ४३ गोलांच्या हंगामात ते जवळपास तेरा टक्के झालं. नेथन मॅकिननचं २०१६-१७ असंच होतं: ८२ सामन्यांत फक्त १६ गोल, एकूण ५३ गुण, आणि कोलोराडोनं ८२ पैकी जेमतेम २२ सामने जिंकलेले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि लोक म्हणायला लागले होते की याची धाव एवढीच. पुढच्याच वर्षी त्याचे ७४ सामन्यांत ९७ गुण झाले. असा खेळाडू रात्रीत बदलत नाही. तो त्याच जागी पोचत होता, त्याच संधी तयार करत होता, पक आत जायला लागला. ह्यूजच्या पहिल्या वर्षी डेव्हिल्सच्या प्रुडेन्शियल सेंटर या मैदानात बसून ज्यांनी त्याचं स्केटिंग पाहिलं, त्यांना निळी रेषा ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या भागात शिरतानाचा त्याचा वेग आणि वळणं दिसत होती. शेवटचा पास उशिरा निघायचा किंवा काठीवरून पक हिसकावला जायचा. अठराव्या वर्षी असंच होतं.

‘अंगानं किरकोळ आहे’

पहिल्या हंगामात तो ढकलला जायचा, हे खरं. पाच फूट दहा-अकरा इंच उंची आणि १७० पौंडांच्या आसपास वजन. पण थॉर्नटन सहा फूट चार इंच होता, पहिल्या हंगामात त्याला उंचीनं सात गुणांपलीकडे काय दिलं? ड्रायसायटलही धिप्पाडच आहे. आणि टॅम्पाचा ब्रेडन पॉइंट, ह्यूजएवढ्याच चणीचा सेंटर, दोन स्टॅनले कप (लीगची विजेतेपदं) जिंकून बसलाय. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे लीग थांबली, उन्हाळ्यात पुन्हा सुरू झालेल्या स्पर्धेतही डेव्हिल्सना जागा नव्हती, त्यामुळे ह्यूजला पुढच्या जानेवारीपर्यंत मोकळा वेळ मिळाला. त्यात त्यानं अंग भरलं. वय वाढलं की हे होतच असतं.

एक कबूल करायला हवं: फेसऑफमध्ये तो तेव्हाही हरायचा आणि पुढेही बहुतेक हरतच राहिला. ती त्याची खरी उणीव आहे. तिच्यासकट तो पुढे काय करून बसला ते शेवटी येतंच.

‘दुसऱ्या क्रमांकाचा काको घ्यायला हवा होता’

यावर जास्त शब्द नकोत. त्याच हंगामात न्यूयॉर्क रेंजर्सच्या कापो काकोचे ६६ सामन्यांत २३ गुण झाले. दर सामन्याला सरासरी जवळपास तेवढीच. आणि काको उंच, भरदार, फिनलंडमध्ये मोठ्यांच्या लीगमध्ये खेळून आलेला. डिसेंबर २०२४ मध्ये रेंजर्सनी त्याला सिअ‍ॅटलला देऊन टाकलं. त्याच्यावरही ओरडायचं कारण नाही, तोही अठराचाच होता.

‘खालच्या लीगमध्ये पाठवायला हवं होतं’

सगळ्या मजकुरात विचार करण्याजोगा मुद्दा हाच आहे. ड्रायसायटलला ज्युनिअरमध्ये परत पाठवणं सोन्यासारखं ठरलं. तिथं तो पुन्हा भरपूर खेळला, केलोनाच्या संघाला लीग जिंकून दिली, ज्युनिअर संघांच्या मेमोरियल कप स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझंही मत असं की हॉल गेल्यावर, हंगाम हातून निसटल्यावर, ह्यूजला काही आठवडे अमेरिकन हॉकी लीगमध्ये (हीच ती खालची लीग) खेळू दिलं असतं तर बिघडलं नसतं. पण मजकूर लिहिणारे हे शिकवण म्हणून सांगत नाहीत, शिक्षा म्हणून सांगतात. खाली पाठवायचं ते जास्त मिनिटं आणि जास्त पक मिळावा म्हणून. ‘लायकी नाही’ असा शिक्का मारून पाठवलेला मुलगा तिथंही काठी घट्ट आवळूनच खेळतो. आणि २००८ चा पहिला क्रमांक, स्टीव्हन स्टॅमकोसचं काय? २००८-०९ मध्ये टॅम्पानं त्याला कुठं पाठवलं नाही, अधूनमधून बाहेर बसवलं, प्रशिक्षकही मध्येच बदलला. पहिल्या वर्षी ४६ गुण झाले, दुसऱ्या वर्षी ५१ गोल. वाट प्रत्येकाची वेगळी असते, ती त्या मुलाकडे बघूनच ठरवावी लागते.

‘याच्यावर पैसे ओतू नका’

पहिले दोन हंगाम मिळून ह्यूजचे ११७ सामन्यांत ५२ गुण होते, त्यात गोल फक्त १८. तिसऱ्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा खांदा निखळला. दुखापतीनंतर तो परतला त्याच दिवशी, ३० नोव्हेंबर २०२१ ला, डेव्हिल्सनं त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला ८० लाख डॉलरचा करार केला. हा वेडेपणा आहे असं म्हणणारे कमी नव्हते.

त्या हंगामात तो ४९ सामन्यांत ५६ गुण करून गेला. संघानं त्या वर्षीही ८२ पैकी फक्त २७ सामने जिंकले, म्हणजे आधार अजून मिळालेलाच नव्हता, मुलगा मात्र वीस वर्षांचा झाला होता. २०२२-२३ मध्ये ४३ गोल, ५६ असिस्ट, ९९ गुण. पॅट्रिक एलियासचा ९६ गुणांचा क्लब विक्रम मोडला, संघानं ५२ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत सातव्या सामन्यात रेंजर्सना घरी पाठवलं. करार २०२९-३० पर्यंत चालणार आहे. दरम्यान लीगची पगारमर्यादा (एका संघानं खेळाडूंवर वर्षाला खर्चायची कमाल रक्कम) ८ कोटी १५ लाखांवरून २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख डॉलरवर गेली, त्यामुळे तो दरवर्षी आणखी स्वस्त पडत चाललाय. दुखापती त्याला सोडत नाहीत, खांद्यानं त्याचे बरेच सामने खाल्ले, ही काळजी खरी आहे आणि मलाही आहे. पण तो प्रश्न हाडांचा आणि स्नायूंचा आहे. २०१९-२० मधल्या त्या २१ गुणांशी त्याचा काहीएक संबंध नाही.